न खाजणारा चट्टा



आपल्या जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात घामोळे आणि पावसाळ्यात नायटा हे चालायचेच. त्यामुळे अंगावर चट्टा दिसला की घरचे म्हणतात, "जंत झाले असतील, जाईल आपोआप." पण एक चट्टा असा आहे, जो खाजत नाही, दुखतही नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो.

ओळखावा कसा? नायट्याला खाज सुटते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, पण त्यावर शिवलेले कळते. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असून बहुधा बधिर असतो. डॉक्टर मुलाला डोळे मिटायला सांगतात, कापूस हलकेच टेकवतात आणि विचारतात, "कुठं शिवलं? बोट ठेव बरं." चट्ट्यावरचे शिवलेले समजले नाही, तर ती मोठी खूण. कोपराजवळची नस जाड झाली आहे का, हेही ते चाचपून पाहतात.

हा रोग देवाचा कोप नव्हे की पूर्वजन्मीचे पाप नव्हे. नॉर्वेचे डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ साली त्याचा जंतू शोधला. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासाने तो पसरतो. एका बाकावर बसल्याने किंवा हात धरल्याने पसरत नाही.

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने. गोळीने लघवी तांबूस होते, घाबरू नये. गोळ्या मध्येच सोडू नयेत. औषध सुरू झाले की लागण लवकरच थांबते, म्हणून शाळा बुडवायचे कारण नाही. मात्र उशीर झाला तर रोग बरा होऊनही बोटे वाकडी राहू शकतात.

समजा, वर्गातला एक मुलगा बाही ओढून चट्टा झाकतो आहे. तुम्ही चिडवले तर तो आणखी लपवील, आणि लपवला तर हात जाईल. मग दोष कोणाचा? सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली. म्हणून ३० जानेवारीला आपण कुष्ठरोग निवारण दिन पाळतो.

आज आंघोळीच्या वेळी आईला पाठ दाखवा. चट्टा दिसला तर गुरुजींना किंवा आशाताईंना सांगा. लाजू नका. लवकर सांगेल तो पूर्ण बरा होईल!