बल्ब बदलू की दिवा?

प्रश्न : माझी गाडी २०१२ची, लहान हॅचबॅक आहे. हेडलाइटला एच४ हॅलोजन बल्ब आहेत. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला आहे आणि ड्युटी संपवून रात्री दहानंतर हिंगणघाटकडे गावी जातो. वाटेत रोही आडवे येतात, कापसाच्या दिवसांत बिनदिव्याच्या बंड्या असतात. माझा लाइट अगदीच मिणमिणता वाटतो. दुकानदार म्हणतो, एलईडी टाका, दहा मिनिटांचं काम आहे, दिवसासारखं दिसेल. दुसरा एचआयडी किट सांगतो. मेकॅनिकचं म्हणणं, १००/९० वॉटचा बल्ब बसवा आणि विषय संपवा. काय करावं? आरटीओची काही अडचण येते का?
— एक वाचक, सेवाग्राम

उत्तर : आधी एक करा. मेकॅनिककडून उडालेला एच४ बल्ब मागून आणा आणि उजेडात धरून नीट बघा. आत दोन फिलॅमेंट दिसतील. मागचं उघडं आहे, ते अप्परचं. पुढच्या फिलॅमेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी आहे, ते डिपरचं. ही वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग कामाला येतो आणि तो प्रकाश रस्त्याकडे, खाली ढकलतो. भिंतीवर डिपर मारून पाहिला तर वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये बऱ्यापैकी स्पष्ट रेघ दिसते. ही रेघ डावीकडे जरा वर चढते. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे कडेचा माणूस, सायकल, मैलाचा दगड दिसावा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र प्रकाश जाऊ नये, अशी ती योजना आहे. १९७१च्या सुमारास आलेला हा बल्ब अजून टिकून आहे तो याच साध्या युक्तीवर.

सांगायचा मुद्दा असा की तुमच्या गाडीचा रिफ्लेक्टर या दोन फिलॅमेंटच्या जागा धरून घडवलेला आहे. फिलॅमेंट मिलिमीटरभर जरी मागेपुढे झालं तरी रेघ बिघडते. एलईडी बल्बात फिलॅमेंट नसतं. मधे एक पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना चिप असतात. हॅलोजनची तार चहूबाजूंनी प्रकाश टाकते, चिप आपल्या समोरच्या बाजूलाच टाकते. चांगल्या कंपन्या चिप फिलॅमेंटच्या जागी आणायची धडपड करतात, स्वस्त बल्बांत ती फिकीर नसते. मग रिफ्लेक्टर आपलं काम इमानेइतबारे करतो, पण चुकीच्या जागेवरून आलेल्या प्रकाशावर. काही प्रकाश रेघेच्या वर जातो, काही गाडीच्या नाकासमोर ढीग करून पडतो. दुकानदार भिंतीवर किंवा दुकानासमोरच्या दहा-पंधरा फुटांत जो झगमगाट दाखवतो, तो हाच ढीग. गंमत म्हणजे त्याचाच तोटा होतो. जवळचा रस्ता लख्ख झाला की बाहुल्या आकसतात आणि लांबचा अंधार आणखी काळा दिसू लागतो.

एचआयडीची गोष्ट त्याहून वाईट. एच४च्या डिपरचा प्रकाश साधारण १,००० ल्युमेन, ३५ वॉटच्या झेनॉन नळीचा ३,२०० ल्युमेन. तीनपटीहून जास्त प्रकाश अशा रिफ्लेक्टरमध्ये ओतायचा, ज्याने तो कधी पाहिलेलाच नाही. ज्या गाड्या कारखान्यातून झेनॉन घेऊन येतात त्यांचा अख्खा दिवाच वेगळा असतो. युरोपात तर एवढ्या प्रखर दिव्यांना मागे वजन पडलं की आपोआप झुकणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला गेला. किटमध्ये मिळतो तो बॅलास्ट, दोन नळ्या आणि चार झिप-टाय.

मेकॅनिकच्या १००/९०मध्ये तार मूळ जागीच असते, म्हणजे रेघ फारशी बिघडत नाही, पण प्रखरपणा वाढतोच. त्याची मोठी अडचण वायरिंगची आहे. ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, ९० वॉटचा साडेसात. दोन दिवे धरले तर जुन्या बारीक वायरीतून, स्विचमधून आणि कपलरमधून दीडपटीहून जास्त करंट जाणार. होल्डर काळा पडणं, कपलरचं प्लास्टिक वितळणं, रिफ्लेक्टरची चकाकी पिवळट होणं हे सगळं वायरिंगवाल्यांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न : रोही वेळेवर का दिसत नाही? यासाठी थोडं गणित करू. तुमच्या गाडीचा दिवा जमिनीपासून समजा ६५ सेंटिमीटरवर आहे. डिपरचा प्रकाश दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर खाली उतरेल असा लावलेला असतो. म्हणजे ती रेघ ६५ मीटरवर जमिनीला टेकली. डावीकडची चढती बाजू सोडली तर त्यापलीकडे डिपरचा मुख्य प्रकाश पोचतच नाही. बल्ब कितीही ताकदीचा लावा, हे अंतर बदलणार नाही, कारण ते उंचीवर आणि कोनावर ठरतं. एलईडी लावल्यावर सरळ समोर ‘लांबपर्यंत दिसतंय’ असं जे वाटतं, तो बहुतेक वेळा रेघेवरून निसटलेला प्रकाश असतो. समोरून दुचाकीवर येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो तोही तोच. आणि तुमच्या रस्त्यावर समोरच्याला एक क्षण काही दिसलं नाही, तर तो घासून जाणार तुमच्याच गाडीला.

याच गणिताची दुसरी बाजू वेगाची. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा आणि पुढे कोरड्या डांबरावर दणकून ब्रेक मारला असं धरा, तरी थांबायला एकूण साठ-पासष्ट मीटर लागतात. म्हणजे डिपरवर ८० म्हणजे हिशेब अगदी काठावर. ६०ला तो चाळीस मीटरवर येतो. समोर कोणी नसताना अप्पर वापरावा, तो त्यासाठीच आहे. समोर दिवा दिसला की डिपर आणि वेग दोन्ही खाली. आपल्याकडे बरेच जण अप्पर लावला की घरी पोचल्यावरच बंद करतात, आणि उरलेले घाबरून कधी लावतच नाहीत.

बंड्यांचं म्हणाल तर तिथे तुमच्या बल्बाने फार फरक पडणार नाही. मळकट लाकूड आणि कापसाची झूल प्रकाश परत पाठवत नाहीत. बंडीच्या मागे लाल रेडियमची पट्टी असेल तर साध्या हॅलोजनलाही ती दीडशे मीटरवरून चमकून उत्तर देते. तुमच्या गावात पाच-पन्नास बंड्या असतील. त्यांना पट्ट्या चिकटवायला येणारा खर्च एलईडीच्या चांगल्या जोडीपेक्षा फार जास्त नसेल. हा सल्ला विचारलेला नाही, तरी देऊन ठेवतो.

तर मिणमिणत्या लाइटचं काय? २०१२च्या गाडीत मला संशय येतो तो काचेवर. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं आणि विदर्भाच्या उन्हात ते पिवळं, धुरकट होतं. पाण्याच्या पेपरने घासून पॉलिश करा, वर उन्हापासून वाचवणारा थर द्या, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच. नुसती टूथपेस्ट चोळून आलेली चमक चार दिवसांची असते. काच झाली की मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, डिपर चालू ठेवून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या कपलरमध्ये. बॅटरीवर १४ आणि बल्बपाशी १२.६ आले, तर दहा टक्के व्होल्टेज वाटेत, गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि जुन्या स्विचमध्ये हरवलं. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो, दहा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड जवळजवळ तीस टक्के जातो. अर्थिंग साफ करून रिले आणि जाड वायर टाकली की तोच ६०/५५ वॉटचा बल्ब नवा वाटू लागतो. बल्ब फार जुने असतील तर नामांकित कंपनीची जोडी घाला, दोन्ही एकदम. बल्बच्या काचेला बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा तापतो आणि काच तिथे कमजोर होते.

शेवटी फोकस. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावा, टायरमध्ये हवा बरोबर असू द्या. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची रेघ त्याच्या पाच सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांची चकती असते. मागे माणसं किंवा पोती भरली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा ती फिरवायची. ती कशासाठी आहे हे गाडी विकेपर्यंत अनेकांना ठाऊक नसतं.

कायद्याचं विचारलंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अमध्ये मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६व्या नियमाची कसोटी तर घरी करता येते. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिव्याने दिपता कामा नये. घरातल्या कोणाला तरी तिथे उभं करा, डोळे त्या उंचीवर येतील असं बघा, आणि डिपर लावा. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्याने करताना दिवे तपासले जातातच, आणि तुमची वेळ लांब नाही.

जर्मनीत २०२०पासून काही एलईडी बल्बांना हॅलोजनच्या जागी वापरायची परवानगी मिळाली, हे तुम्हाला कोणी दुकानात सांगेल. खरं आहे. पण ती परवानगी ठरावीक मॉडेलच्या ठरावीक दिव्यांपुरती, प्रत्येक जोडी तपासून दिलेली आहे. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं छापलेल्या खोक्याशी तिचा काही संबंध नाही. एलईडीच हवा असेल तर तुमच्याच मॉडेलसाठी कंपनी पूर्ण एलईडी हेडलाइट देते का ते अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. बल्ब न बदलता दिवाच बदला.

तुम्ही सेवाग्रामचे, म्हणून एक आठवण. ऊर्जेचं एक साधन काढून दुसरं घालायचा उद्योग तुमच्या शेजारी, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३०च्या दशकातच झाला होता. जे. सी. कुमारप्पांच्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाला रॉकेलच्या कंदिलाला पर्याय हवा होता, कारण रॉकेलचा पैसा गावाबाहेर जातो आणि तेलबिया गावातच पिकतात. त्यातून वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ आला. रॉकेल पातळ, वातीतून वीतभर सहज चढतं. तेल दाट, ते तितकं चढत नाही. पणतीत तेल ज्योतीला लागून असतं ते उगीच नाही. त्यामुळे कंदिलात नुसतं तेल ओतून भागत नाही, तेलाची टाकी आणि वात यांचाच नव्याने विचार करावा लागतो. सुटीच्या दिवशी मगन संग्रहालयात एक चक्कर टाका.

प्रश्न : वडिलांची जुनी चेतक आहे. रेस दिली की लाइट वाढतो, सोडली की विझल्यासारखा होतो. एलईडी लावला तर तो नुसता फडफडतो. बल्ब खराब आहे का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : बल्ब ठीक असावा. या स्कूटरचा हेडलाइट मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो, आणि इंजिन जितकं फिरेल तितकीच वीज येते. हॅलोजनची तापलेली तार एसीचे चढउतार पोटात घेते, एलईडीला ते जमत नाही. डीसी करणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर टाकून वायरिंग बदलता येतं, पण त्यापुढे वर सांगितलेला रिफ्लेक्टरचा सगळा पाढा आहेच. मी वायरिंग साफ करून मूळ वॉटचाच बल्ब ठेवला असता. जाता जाता : चेतक बनवणाऱ्या बजाज ऑटोची सुरुवात १९४५मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली. हे बच्छराज म्हणजे तुमच्या वर्ध्याचे शेठ, जमनालाल बजाज त्यांच्या घरात दत्तक आले होते.

प्रश्न : धुक्यात पिवळा बल्ब जास्त आरपार जातो का?
— एक वाचक, चिखलदरा

उत्तर : जात नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की निळा काय, पिवळा काय, सगळे रंग सारखेच विखुरतात. पिवळ्यात निळा भाग कमी असल्याने डोळ्याला झगझग कमी वाटते, एवढाच फायदा. फ्रान्समध्ये १९९३पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, पुढे तेही गेले. धुक्यात रंगापेक्षा दिव्याची जागा कामाला येते. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसवतात तो यासाठी की त्याचा प्रकाश तुमच्या नजरेच्या रेषेतलं धुकं उजळवत नाही. घाटात अप्पर लावू नका. समोर पांढरी भिंत उभी राहते.