एकोणिसाव्या वर्षी भाड्याची गाडी का मिळत नाही?

प्रश्न : माझ्या मुलाला नुकतीच १९ वर्षे पूर्ण झाली. बारामती आरटीओचे पक्के लायसन्स त्याच्याकडे आहे आणि घरची गाडी तो नीट चालवतो. मित्रांबरोबर कोकणात जायचे म्हणून त्याने पुण्यातल्या एका सेल्फ ड्राइव्ह कंपनीकडे गाडी मागितली, तर वय कमी म्हणून नकार आला. जास्त पैसे देतो म्हटले, तरी नाहीच. अमेरिकेत शिकणारा माझा भाचा सांगतो की तिकडे पंचविशीच्या आतल्या मुलांना रोजचे जादा पैसे भरून गाडी मिळते. इकडे गावातला एक ओळखीचा माणूस मात्र वय न विचारता स्वतःची गाडी भाड्याने द्यायला तयार आहे. अठराव्या वर्षी लायसन्स मिळते, मग गाडी का मिळत नाही? आणि ही ओळखीची गाडी घ्यावी का?
– एक वाचक, भिगवण (ता. इंदापूर)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. ती ओळखीची गाडी घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

आता अठरा वर्षांचा हिशेब. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार १८ वर्षे पूर्ण झाली की मोटार चालवता येते. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे की प्रवासी किंवा माल वाहतुकीचे, म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणून पासिंग झालेले वाहन २० वर्षांखालच्या कोणीही सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये. सेल्फ ड्राइव्हची रीतसर गाडी याच गटात मोडते. काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्या तुम्ही गोव्यात किंवा पुण्यात पाहिल्या असतील, त्या या. अशी गाडी स्वतःच्या वापरासाठी घेणाऱ्याला टॅक्सीचालकासारखे वेगळे लायसन्स लागत नाही. साधे मोटारीचे चालते. ही सवलत कायद्याच्या कलम ३ मध्येच दिलेली आहे. वयाच्या कलमात मात्र तशी सवलत नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत कंपनीने मान्य केले असते, तरी कायदा आडवा आलाच असता.

कंपन्या वीस वर्षांवरही थांबत नाहीत. कोणी २१ वर्षे मागते, मोठ्या गाडीसाठी कोणी २३ किंवा २५, आणि लायसन्स काढून ठरावीक काळ झालेला असावा अशीही अट असते. ही वरची अट सरकारची नाही, धंद्याची आहे. ती समजून घ्यायची तर विम्याकडे पाहावे लागते.

आपल्याकडे खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये अधिक कर, असा तक्ता होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता गाडीची किंमत, तिचे वय, सीसी आणि ती कुठे नोंदलेली आहे यावर बसतो. गाडी साठ वर्षांचे आजोबा चालवतात की एकोणीस वर्षांचा नातू, याने आकड्यात सहसा फरक पडत नाही.

अमेरिकेत नेमके उलटे आहे. तिथे विमा कंपनी आधी चालवणाऱ्याचे वय विचारते. नवशिक्या तरुण चालकांचे अपघात जास्त होतात, हे तिथल्या विमाधंद्याने वर्षानुवर्षांच्या दाव्यांवरून ताडले आणि पंचविशीच्या आतल्यांचा हप्ता चढा ठेवला. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी तोच हिशेब दिवसावर आणला. २१ ते २४ वयाच्या ग्राहकाला साधारणपणे दिवसाला २५ ते ३० डॉलर जादा पडतात. पाच दिवसांच्या सहलीत सव्वाशे-दीडशे डॉलर नुसते वयाचे. न्यूयॉर्क राज्याचा कायदा तर सांगतो की त्या वयासाठी विमा उपलब्ध असेल, तर १८ वर्षांवरच्या व्यक्तीला केवळ वयाच्या कारणाने गाडी नाकारता येणार नाही. वयामुळे विम्याचा खर्च वाढत असेल, तर तेवढा वाढीव खर्च मात्र ग्राहकाकडून घेता येईल. तुमच्या भाच्याला एक सांगा : तिथल्या ‘ट्रिपल ए’ या मोटारचालकांच्या संघटनेचे सभासदत्व असेल, तर हर्ट्झ ही कंपनी २० ते २४ वयोगटाला हे जादा पैसे माफ करत आली आहे. बुकिंग करण्यापूर्वी त्याने विचारून घ्यावे.

यातून तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर निघते. तिथे तरुण चालकाच्या जोखमीला किंमत ठरवून दिलेली आहे, म्हणून ती भरून गाडी मिळते. इथे अशी किंमतच ठरलेली नाही. मुलाने जास्त पैसे देऊ केले तरी त्या पैशांत कंपनीला कोणताही वाढीव विमा घेता येत नाही. गाडी ठोकली तर दाव्यातून कापली जाणारी रक्कम, गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या दिवसांचे बुडालेले भाडे आणि गमावलेला नो क्लेम बोनस हे सारे तिच्याच माथी. मग ती सोपा मार्ग धरते आणि दारच लावून घेते.

आता गावातल्या गाडीकडे वळू. तिची प्लेट पांढरी असणार, म्हणजे पासिंग खासगी. तालुक्याच्या गावी काळ्या प्लेटची गाडी सहसा दिसत नाही, त्यालाही कारण आहे. १९८९ च्या ‘रेंट अ कॅब’ योजनेप्रमाणे परवाना घ्यायचा तर किमान ५० गाड्या लागतात, त्यातल्या निम्म्या वातानुकूलित आणि सगळ्यांना अखिल भारतीय पर्यटन परमिट. एकट्यादुकट्या मालकाला हे झेपणारे नाही. म्हणून लग्नसराईत, देवदर्शनाला, सुट्टीत बारामती-इंदापूरकडे घरच्या गाड्या ओळखीपाळखीने भाड्याने फिरतात. देणाऱ्याच्या मनात वाईट नसते. हप्ता सुटावा एवढीच इच्छा असते.

पण त्या गाडीची विम्याची पॉलिसी एकदा उघडून वाचा. ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली स्पष्ट लिहिलेले असते की भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेल्या वापराला हा विमा लागू नाही. गाडीचे नुकसान झाले की कंपनी दावा नाकारते. परमिट नसताना गाडी भाड्याने वापरली म्हणून कलम १९२-अ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि देव न करो, रस्त्यावरचा एखादा माणूस दगावला तर? मोटार अपघात दावा प्राधिकरण कधीकधी विमा कंपनीला आधी पीडित कुटुंबाला पैसे द्यायला लावते आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. भरपाईची जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावरही येते, आणि चालवणारा तुमचा मुलगा असेल. दोन-चार हजारांच्या भाड्यापायी दोन घरांची जमीन गहाण पडावी, इतका हा मामला गंभीर आहे.

दुसरी पळवाट म्हणजे थोरल्या चुलतभावाच्या नावावर बुकिंग करायचे आणि चालवायचे धाकट्याने. तीही नको. करारात ज्याचे नाव आणि लायसन्स नोंदवले आहे, त्याच्याशिवाय दुसऱ्याने स्टिअरिंग हातात घेतले की करार मोडतो आणि नुकसानीचा पूर्ण आकडा भावाच्या अंगावर येतो.

मग वयाची ही अट न्याय्य आहे का? माझ्या मते अर्धवट न्याय्य आहे. बारामतीजवळ गोजुबावीच्या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला व्यावसायिक वैमानिकाचे लायसन्स मिळू शकते. ते मान्य करताना कोणी त्याच्या मिसरुडाकडे पाहत नाही, त्याच्या लॉगबुकातले २०० तासांचे उड्डाण पाहतात. मोटारीचे काय? शिकाऊ लायसन्स काढून ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. त्या ३० दिवसांत मुलाने एकदाही रात्री गाडी चालवली नसेल, तरी ते लायसन्सवर दिसत नाही.

गाळप हंगामात रात्री बारामती-इंदापूर रस्त्यावर काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, दोन्ही बाजूंना उसाची वाढी बाहेर लोंबणारी. आणि समोरून अप्पर मारत येणारी गाडी, जिच्या उजेडात ती ट्रॉली पुरती नाहीशी होते. सोलापूर महामार्गावर उलट्या बाजूने येणारी दुचाकी वेगळीच. हे ओळखायला वय लागत नाही, सराव लागतो. म्हणून मला वाटते की भाड्याच्या गाडीसाठी वयाऐवजी नोंदवलेला सराव पाहावा, आणि विमा कंपन्यांनी तरुण चालकांसाठी जादा हप्त्याचे का होईना, पण रीतसर संरक्षण आणावे. पैसे भरून मिळणारा सरळ मार्ग असेल, तर पांढऱ्या प्लेटकडे वळणारी किती तरी पावले थांबतील.

तोपर्यंत तुम्ही काय करावे? या वेळच्या सहलीला पिवळ्या प्लेटची, ड्रायव्हरसह गाडी घ्या. खर्च मुलांत वाटला तर फार जड जात नाही. पुढे सेल्फ ड्राइव्ह घ्याल तेव्हा आधी प्लेटचा रंग पाहा, परमिट आणि विम्याची प्रत मागा, नुकसान झाल्यास आपल्याला जास्तीत जास्त किती भरावे लागेल आणि डिपॉझिट किती दिवसांत परत येईल ते लेखी घ्या. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, टायर, काच आणि मीटरचा आकडा यांचे मोबाइलवर चित्रण करा. परत देतानाही तेच करा.

आणि एकवीस पूर्ण व्हायला जी दोन वर्षे आहेत, ती वाया घालवू नका. घरच्या गाडीत तुम्ही शेजारी बसा. मुलाला रात्रीचा महामार्ग, पावसातला रस्ता, हंगामातला कारखान्याचा रस्ता चालवू द्या. एकदा ताम्हिणी घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून न ठेवता खालच्या गिअरवर गाडी कशी आवरायची, ते दाखवा. तारीख, वेळ आणि किलोमीटर एका वहीत लिहून ठेवायला सांगा. आज ही वही कोणती कंपनी मागणार नाही. तरीही मुलाने कुठे किती गाडी चालवली आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि चावी त्याच्या हाती कधी द्यायची हे तुम्ही स्वतः ठरवू शकाल.