पाचशे धावले, उरले किती?

बैठकीत हिशेब साधारण असा मांडला जातो: पाचशे माणसं, प्रत्येकी ४०० रुपये, झाले दोन लाख. ते धर्मादाय रुग्णालयाच्या डायलिसिस विभागाला देऊन टाकू. सगळे माना डोलावतात आणि कुणीतरी टी-शर्टचा रंग कोणता, हा विषय काढतं. कागद-पेन घ्यायची वेळ नेमकी हीच, कारण त्या दोन लाखांतला सगळ्यात मोठा घास टी-शर्टच खाणार असतो.

तालुक्याच्या गावातली रविवार सकाळची ५ किलोमीटरची दौड धरू. पुढचे दर निव्वळ हिशेबासाठी घेतले आहेत. तुमच्याकडची कोटेशनं आली की आकडे बदला, रीत तीच ठेवा. कोटेशन मागताना ‘जीएसटी धरून’ असं आवर्जून लिहून घ्या, नाहीतर बिल हातात पडल्यावर वाद होतात.

आधी माणशी खर्च. टी-शर्ट १६० रुपये, मेडल ६०, बिब आणि चार सेफ्टी पिना १२, नाश्ता-चहा ५०, पाणी ८, ऑनलाइन नोंदणीचं कमिशन २४. झाले ३१४. म्हणजे चारशेतले हातात राहिले ८६, आणि पाचशे जणांचे मिळून ४३,०००.

आता माणसं पन्नास येवोत की पाचशे, जो खर्च टळत नाही तो. स्टेज, साउंड आणि कमान ३०,०००, चार फिरती शौचालयं १२,०००, दोन रुग्णवाहिका आणि डॉक्टर १३,०००, बॅरिकेड आणि दिशाफलक १५,०००, परवानग्यांचं शुल्क आणि साफसफाई १०,०००, बक्षिसं ९,५००. शिवाय पन्नास स्वयंसेवकांचे टी-शर्ट आणि नाश्ता १०,५००. ही ओळ बहुतेक अंदाजपत्रकांत नसतेच. बेरीज बरोबर एक लाख. ४३ हजारांतून एक लाख भागवायचे, म्हणजे ५७ हजारांची तूट. रुग्णालयाला द्यायचं लांबच, आयोजकांनाच वर्गणी काढावी लागेल.

म्हणून पहिला निर्णय टी-शर्ट आणि मेडलचा. दोन्ही वगळलं तर माणशी खर्च ९४ वर येतो, ३०६ उरतात, आणि ३२७ माणसं आली की दौड स्वतःच्या पायावर उभी राहते. पाचशे आली तर ५३ हजार शिल्लक. पण टी-शर्ट नाही म्हटल्यावर गर्दी घटणार, हे धरून चाला. साडेतीनशेच आली तर शिल्लक जेमतेम सात हजार. मला मधला मार्ग बरा वाटतो: मेडल फक्त धावणाऱ्यांना, चालणाऱ्यांना प्रमाणपत्र, आणि टी-शर्ट हवा असेल त्याला वेगळ्या पैशांनी, नोंदणी करतानाच मापासकट. कॅनडातल्या टेरी फॉक्स दौडीला १९८१ पासून प्रवेश शुल्कही नाही आणि स्पर्धाही नाही; लोक कर्करोग संशोधनासाठी देणगी गोळा करून आणतात.

टी-शर्ट द्यायचाच ठरला तर मापांचा घोळ आधीच आवरा. आदल्या संध्याकाळी किट-वाटपाच्या टेबलावर नेहमीचं दृश्य दिसतं: ‘एम’ आणि ‘एल’ची खोकी रिकामी, डबल एक्सएलचा ढीग तसाच, आणि एक काका शर्ट पोटाला लावून बघत म्हणतात, ‘‘अहो, हा नातवाला द्या, मला एक नंबर मोठा बघा.’’ ऑर्डर दौडीच्या तीन आठवडे आधी बंद करा, त्यानंतर नाव देणाऱ्याला शर्ट नाही हे फॉर्मवरच छापा, आणि अदलाबदल दौड संपल्यावरच ठेवा. मेडलवर सन घालू नका, तो रिबिनीवर छापा. उरलेली मेडलं पुढच्या वर्षी नवी रिबीन लावून चालतात.

तूट भरून निघते ती प्रायोजकांमुळे. गावातली सहकारी बँक, सराफ, कोचिंग क्लास, बिल्डर यांच्याकडे ‘काहीतरी मदत करा’ म्हणून जाऊ नका. ‘टी-शर्टचे ८० हजार तुमचे, पाठीवर नाव तुमचं’ असा नेमका प्रस्ताव न्या. तेवढ्या एका होकाराने वरच्या हिशेबातली ५७ हजारांची तूट २३ हजारांची शिल्लक होते. मात्र चेक वटल्याशिवाय नाव छपाईला देऊ नका. मोठ्या कंपनीकडे सीएसआर निधी मागायला जाणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या: मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जात नाहीत, असं केंद्र सरकारने २०१४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं आहे. त्यांच्याकडे जाहिरातीच्या बजेटातून मागा, किंवा थेट डायलिसिस प्रकल्पासाठी मागा.

खरी रक्कम उभी राहते ती देणगीतून, आणि ती प्रवेश शुल्कापासून पूर्ण वेगळी ठेवावी. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिथे संस्थांसाठी निधी जमतो तो मुख्यतः धावणाऱ्यांनी ओळखीपाळखीत मागितलेल्या देणग्यांतून आणि कंपन्यांच्या सहभागातून. गावातही हे जमतं. प्रत्येक धावणाऱ्याने पाच घरांतून दोन-दोनशे रुपये आणायचे, इतकं साधं ठेवा. शंभर जणांनी मनावर घेतलं तरी एक लाख होतात, आणि त्यावर टी-शर्टचा खर्च नाही.

पैसे कोणाच्या खात्यात, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत मिटवा. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या क्यूआर कोडवर एक रुपयाही नको. सरळ मार्ग म्हणजे रुग्णालय चालवणाऱ्या नोंदणीकृत ट्रस्टचंच खातं आणि ट्रस्टचीच पावती. मंडळ नोंदणीकृत नसेल आणि स्वतः निधी जमवणार असेल, तर गणेश मंडळं काढतात तशी कलम ४१ क ची परवानगी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून घ्यावी लागते. ८०जी ची सवलत देणगीला आहे, शर्ट-नाश्त्याच्या बदल्यात भरलेल्या शुल्काला नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तर नाहीच. अमेरिकेतला भाऊ पैसे पाठवतो म्हणाला तर पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची चालत नाही, ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी असल्याशिवाय.

मार्ग आखताना बराच पैसा वाचतो. गावाला वळसा घालण्यापेक्षा अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्या ठेवा: पाण्याचं टेबल एकच, स्वयंसेवक निम्मे, रुग्णवाहिका कायम जवळ. कॉलेजचं आवार मिळालं तर बॅरिकेडचा खर्चही घटतो. पोलीस ठाणं, वाहतूक शाखा आणि नगरपालिका यांच्याकडे दीड महिना आधी अर्ज द्या. मार्ग राज्य महामार्गाला लागत असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडेही. ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, त्यामुळे पावणेसहाचा झुंबा वॉर्म-अप शिट्टीवरच करावा लागेल. पाण्यासाठी वीस लिटरचे जार आणि स्टीलचे पेले घ्या. प्लॅस्टिकच्या कपांवर बंदी आहे, आणि बाटल्या वाटल्या की अर्ध्या प्यालेल्या रस्त्यावर पडतात.

स्टेजवर आकडा जाहीर करू नका. मांडववाल्याचं आणि नाश्त्याचं बिल अजून यायचं असतं, आणि फोटोसाठी लिहिलेली रक्कम नंतर कमी करता येत नाही. भल्यामोठ्या चेकची हौस असेल तर तो पंधरा दिवसांनी, सगळी बिलं चुकती करून द्या. तोही पुठ्ठ्याचा, कारण सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. त्याच दिवशी जमाखर्चाचं एक पान नोंदणी केलेल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर गेलं पाहिजे, त्यात टी-शर्टची ओळही दिसू द्या.