दोन दिवस पाचाडला

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. राब भाजून झाले, लाकूडफाटा आत पडला, शेणखत शेतावर गेले. आता मृगाची वाट पाहायची. पोरांच्या शाळेला सुटी. वर्षातले हेच काय ते थोडे मोकळे दिवस. मग दोन दिवस कुठे जाऊन यावे?

आम्ही म्हणतो, पाचाडला चला.

"पाचाड होय? ते तर इथंच आहे!" असे पुष्कळ लोक म्हणतात. इथंच आहे म्हणून तर पाहायचे राहून गेले. पंढरीची वारी केली, मुंबईत दहा वर्षे नोकरी केली, पण रायगड पाहिला तो लांबूनच, अशी माणसे महाड-पोलादपूरकडे वाडीवाडीत भेटतात. शिवाय आता तुम्हाला वाचता येते. या सहलीत वाचण्याजोगे पुष्कळ आहे.

आधी बेत करू. चार-पाच घरची माणसे मिळून निघा. बायकांना आणि म्हाताऱ्यांना मागे ठेवू नका. २०२३ सालापासून बायकांना एस. टी. त अर्धे तिकीट पडते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही, मात्र वयाचा दाखला जवळ हवा. महाडहून पाचाड सुमारे पंचवीस किलोमीटर. स्टँडवर गेलात की कुणाला विचारण्याआधी गाडीची पाटी स्वतः वाचा. गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून घ्या, परतीच्या सुद्धा. एक पान खर्चाला ठेवा: भाडे, चहा, मुक्काम, जेवण. मुक्कामाची सोय आधी ठरवावी. अंधार पडल्यावर जागा शोधत फिरू नये.

तारीखही पाहून ठरवा. ६ जूनला राज्याभिषेकाचा सोहळा असतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीने पुन्हा होतो. तेव्हा गडावर लोकांचा पूर लोटतो. सोहळाच पाहायचा असेल तर जरूर जा. पण गड नीट पाहायचा असेल, तर ते दिवस टाळा.

पहिल्या दिवशी दुपार कलल्यावर पाचाडला पोचलात की पुरे. गाडीतून उतरून थेट गडाकडे धावू नका. बहुतेक लोक तेच करतात आणि पाचाड मागे पडते. आमच्या मते सहल इथूनच सुरू व्हावी. गडावरचा गार वारा उतारवयात जिजाऊंना मानवत नव्हता, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला, असे सांगतात. आज त्याचे तट, जोती आणि विहिरी उरल्या आहेत. एका विहिरीला तक्क्याची विहीर म्हणतात. काठाशी टेकून बसायला दगडी तक्क्या आहे. जिजाऊ तिथे बसून पाण्याला आलेल्या बायकांची सुखदुःखे विचारीत, असे गावात सांगतात. बायकांनी ती विहीर आवर्जून पाहावी.

मग समाधीपाशी जा. ६ जून १६७४ रोजी वर गडावर राज्याभिषेक झाला. लेक छत्रपती झालेला आईने डोळ्यांनी पाहिला. आणि १७ जूनला जिजाऊ गेल्या. मधे दिवस किती? बोटांवर मोजा. फक्त अकरा. या समाधीशी उभे राहून वर गडाकडे पाहिले की हा हिशेब मनाला लागतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चढायला लागा. गड समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे वीस मीटर उंच आहे, पायऱ्या दीड हजारांच्या आसपास. दहानंतर दगड तापतो. पाणी भरपूर घ्या. नाचणीची भाकरी, कांदा, चटणी बांधून घ्या. ज्यांचे गुडघे धरतात त्यांच्यासाठी १९९६ पासून रोपवे आहे, म्हणजे दोरावरचा पाळणा. चार-पाच मिनिटांत वर नेतो. तो हिरकणवाडीहून निघतो. आम्ही साठी ओलांडली आहे, तेव्हा आमचा सल्ला असा की तरण्यांनी चढावे आणि म्हाताऱ्यांनी लाजू नये.

वर गेल्यावर नवखा माणूस जरा हिरमुसतो. राजवाडा कुठे आहे? नुसती जोती! त्याचे कारण असे. भिंती दगडी, पण वरचा साज लाकडाचा होता. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या. आग लागली आणि लाकडी ते सारे जळाले. राहिला दगड. हे ठाऊक असले की जोत्यावर उभे राहूनही वाडा दिसू लागतो.

हिरकणी बुरुजाची गोष्ट गडावर कुणीही सांगेल. दूध विकायला आलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, आणि ती कडा उतरून गेली. गोष्ट सुंदर आहे. मुलांना सांगावी, पण गोष्ट म्हणून सांगावी. दगडात कोरलेले आणि तोंडातोंडी आलेले, यांतला फरक वाचणाऱ्या माणसाने ठेवायला हवा.

कोरलेलेही तिथे आहेच. जगदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर शिलालेख आहे. भाषा संस्कृत, पण अक्षरे आपलीच, देवनागरी. अर्थ नाही लागला तरी अक्षरे ओळखून पाहा. जवळच एका पायरीवर मराठीत थोडी अक्षरे आहेत. गड बांधणाऱ्या हिरोजींचे नाव तिथे आहे. आडनाव कुणी इंदुलकर सांगतात, कुणी इटळकर वाचतात. तुम्हाला काय दिसते? खाली बसा, बोट ठेवा आणि एकेक अक्षर लावा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे नाव तुम्ही स्वतः वाचाल, मास्तरांनी वाचून दाखवल्याशिवाय. समोरच महाराजांची समाधी आहे. ३ एप्रिल १६८० रोजी ते याच गडावर गेले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्को या जागतिक संस्थेने मराठ्यांचे बारा किल्ले जगाच्या वारशाच्या यादीत घेतले. त्यांत रायगड आहे आणि पोलादपूरवरचा घाट चढून जावे लागते तो प्रतापगडही. म्हणून कागद, बाटल्या गडावर टाकू नका. भिंतीवर आपले नाव तर मुळीच कोरू नका. नवे लिहायला शिकलेल्याचा हात शिवशिवतो, पण त्यासाठी वही आहे.

दुपारी उतरून महाडला या आणि चवदार तळे पाहून घरी जा. तळे सर्वांना खुले असा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह इथे आले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या दिवशी परतणाऱ्या माणसांना मार खावा लागला. पुढे कोर्टकज्जा झाला आणि १९३७ साली हायकोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली. काठावर बसा, तिथे लिहिलेले सावकाश वाचा. न वाचता येणारे कुणी बरोबर असेल तर त्याला मोठ्याने वाचून दाखवा. शेवटच्या गाडीची वेळ वहीत उतरवलेली आहेच, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही.