‘७/१२’ची तारीख आणि ‘१०:२६:२६’ची वेळ : पीक-नोंदींचे तक्ते वाचनीय करताना

कोलकात्यातील भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ मध्ये स्थापन झाली. आरंभीच्या काळात तिचे काम प्रेसिडेन्सी महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागातूनच चालत असे. संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमधील ताग पिकाच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या. भारतातील पीक-आकडेवारीच्या शास्त्रशुद्ध पद्धतीचा पाया ज्या कामांनी घातला, त्यांत या पाहण्यांची गणना होते. शेतावर जाऊन मोजणी करणारा एक, ती तक्त्यात उतरवणारा दुसरा आणि तक्ता वाचून अनुमान काढणारा तिसरा, अशी कामाची विभागणी तेव्हाही होती. कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्र आणि संशोधन केंद्र यांच्या दरम्यान आज जी एक्सेल शीट फिरते, तिची वाटचाल याहून वेगळी नाही. शीट भरणारा वाचणाऱ्याच्या शेजारी बसलेला नसतो. त्यामुळे आकडा कसा दिसतो, यावर तो कसा समजला जाईल हे ठरते.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. सेलमध्ये साठवलेले मूल्य वेगळे आणि सेलवर दिसणारे रूप वेगळे. फॉरमॅटिंग केल्याने रूप बदलते, मूल्य तेच राहते. हा भेद न कळल्यामुळे होणाऱ्या चुका दोन प्रकारच्या असतात. काही वेळा वाचनीयतेच्या हेतूने मूल्यातच ढवळाढवळ होते, तर काही वेळा संगणक स्वतःहून मूल्य बदलतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण पीक कापणी प्रयोगाचे घेता येईल. ५ मीटर × ५ मीटर चौरसातील, म्हणजे २५ चौरस मीटरमधील धान्याचे किलोग्रॅममधील वजन ४ ने गुणले की हेक्टरी क्विंटल उत्पादन मिळते. समजा, तीन चौरसांची वजने ७.४, ६.८५ आणि ८ किलो आली. त्यांची सरासरी ७.४२ किलो, म्हणजे हेक्टरी २९.६७ क्विंटल. आता नोंद करणाऱ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी दुसऱ्या सेलमध्ये ‘६.८५ कि.ग्रॅ.’ असे लिहिले, तर त्या सेलमधील मजकूर संख्या राहत नाही, ते अक्षर होते. सरासरीचे सूत्र अशा सेलला वगळते आणि उरलेल्या दोन वजनांची सरासरी ७.७ देते. हेक्टरी उत्पादन ३०.८ क्विंटल दिसू लागते. एक क्विंटलहून अधिकचा हा फरक पडताना कोणतीही त्रुटीची सूचना येत नाही. एखाद्या वाणाची शिफारस किंवा महसूल मंडळातील विम्याचे उंबरठा उत्पादन ज्या आकड्यांवर अवलंबून असते, तेथे हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. एकक नेहमी रकान्याच्या शीर्षकात लिहावे. ते प्रत्येक आकड्यासमोर दिसणे आवश्यकच असेल, तर ‘फॉरमॅट सेल्स’मधील ‘कस्टम’ प्रकारात एककाचा मजकूर अवतरणचिन्हांत द्यावा, म्हणजे आकडा संख्याच राहतो.

वरील चूक ओळखण्याची एक खूण एक्सेल आपण होऊन देत असते. काहीही बदल न केल्यास संख्या सेलच्या उजव्या कडेला आणि अक्षरे डाव्या कडेला लागतात. आकड्यांच्या रकान्यात एखादा आकडा डावीकडे सरकलेला दिसला, की तो अक्षर झाला आहे असे समजावे. तक्ता देखणा दिसावा म्हणून सगळे सेल मध्यभागी आणण्याची सवय अनेक कार्यालयांत रुजली आहे. ती सोडलेली बरी, कारण ही एकमेव खूण तिच्यामुळेच पुसली जाते. शिवाय उजवीकडे लावलेल्या व समान दशांश स्थळे असलेल्या आकड्यांत एकक, दशक, शतक एकाखाली एक येतात आणि लहान-मोठेपणा नजरेलाच कळतो. ७.४, ६.८५ आणि ८ हे आकडे ७.४०, ६.८५ आणि ८.०० असे दिसले पाहिजेत. हे काम दशांश वाढवण्याच्या बटणाने करावे, शून्ये टंकून नव्हे.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असलेला ‘७/१२’ एक्सेलच्या सेलमध्ये टंकला, तर ७ डिसेंबर ही तारीख होते. संगणकाच्या सेटिंगमध्ये महिना आधी असेल, तर तीच १२ जुलै होते. गट क्रमांक १२/३, हिस्सा क्रमांक ५/२, ‘१०-१२ दिवसांनी’ यातील १०-१२ यांचीही हीच गत होते. नंतर सेलचा प्रकार ‘टेक्स्ट’ केल्याने मूळ नोंद परत मिळत नाही. २०२४ मध्ये टंकलेला ‘७/१२’ अशा वेळी ४५६३३ असा दिसतो. १९०० सालापासून मोजलेला तो दिवसांचा क्रमांक असतो. उपाय एकच, रकान्याचा प्रकार नोंदी भरण्यापूर्वी ‘टेक्स्ट’ करावा. एखाद-दुसऱ्या नोंदीसाठी आधी एकेरी अवतरणचिन्ह टंकले तरी चालते. ही अडचण केवळ शेतीक्षेत्रापुरती नाही. मार्च व सप्टेंबर यांच्या इंग्रजी रूपांशी साम्य असलेली काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे एक्सेलमध्ये तारखा होत असत. जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अखेर ती नावेच बदलली आणि २०२० मध्ये त्यासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. गट क्रमांक बदलण्याची सोय मात्र शेतकऱ्याला नाही.

खतांच्या ग्रेडचा घोळ तर दिसतच नाही. १०:२६:२६ हे संयुक्त खत सेलमध्ये लिहिले की संगणक त्याला सकाळची दहा वाजून सव्वीस मिनिटे आणि सव्वीस सेकंद अशी वेळ समजतो. पडद्यावर १०:२६:२६ असेच दिसत असल्याने शंका येत नाही. तो रकाना दुसऱ्या प्रणालीत नेला किंवा सेलचा प्रकार बदलला, की तेथे ०.४३५ असा आकडा उगवतो. १९:१९:१९ चे ०.८०५ होते. विद्राव्य खतांच्या वेळापत्रकांचे तक्ते करणाऱ्यांनी हा रकाना न चुकता ‘टेक्स्ट’ प्रकारात ठेवावा. ओळख क्रमांकांनाही तोच नियम लागू करावा. बारा अंकी आधार क्रमांक साध्या सेलमध्ये घातांकाच्या रूपात आखडतो. सोळा अंकी बँक खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन कायमचा नाहीसा होतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपुढे मूल्य साठवत नाही. ज्यांची बेरीज कधी करायची नाही, ते अंक संख्या म्हणून ठेवण्याचे कारणही नाही.

क्षेत्राच्या नोंदीत आणखी एक अडचण येते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने असते. १.२०.५० असे लिहिलेले क्षेत्र दोन बिंदूंमुळे अक्षर ठरते आणि त्याची बेरीज होत नाही. ते १.२०५० हेक्टर असे लिहून चार दशांश स्थळे दाखवावीत. शून्य हेक्टर आठ आर म्हणजे ०.०८ हेक्टर. घाईत ते ०.८ लिहिले गेले, तर क्षेत्र दहापट होते. रकान्यात सर्वत्र चार दशांश दिसत असतील, तर ०.८००० आणि ०.०८०० यांतील तफावत तपासणाऱ्याच्या नजरेत भरते.

एककाचा प्रश्न कोलकात्याच्या ताग बाजाराकडे पाहिले की अधिक स्पष्ट होतो. जुन्या काळी तागाची गाठ ४०० पौंडांची धरली जाई. सध्याच्या अधिकृत आकडेवारीत ती १८० किलोची आहे. कापसाची गाठ मात्र १७० किलोची आणि तीही सरकी काढलेल्या रुईची. केवळ ‘उत्पादन (गाठी)’ असे शीर्षक असलेले दोन राज्यांचे दोन रकाने शेजारी ठेवले, तर तुलना आधीच बिघडलेली असते. पश्चिम बंगालमध्ये क्षेत्र बिघ्यात सांगितले जाते आणि तेथील एक एकर सुमारे तीन बिघ्यांचा असतो. महाराष्ट्रात तोच एकर चाळीस गुंठ्यांचा. म्हणून शीर्षकात पीक, एकक आणि एककाचे वजन किंवा माप हे तिन्ही असावे. शीर्षक लांबले तर ‘रॅप टेक्स्ट’ने ते दोन-तीन ओळींत बसवावे, त्यासाठी रकाना रुंद करू नये.

ताग पाहण्यांत महालनोबिस यांनी वापरलेली एक युक्ती तक्त्याच्या मांडणीलाही उपयोगी आहे. एकाच प्रदेशाचा नमुना ते दोन स्वतंत्र भागांत विभागत आणि दोन्ही भागांची पाहणी वेगवेगळ्या व्यक्तींकडून करून घेत. दोन्ही अनुमाने ताडून पाहिली की क्षेत्रकार्यातील दोष उघडे पडत. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले आणि काही काळ कोलकात्यात अध्यापन केलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना कापणीच्या लहान चौरसांमुळे उत्पादन फुगून दिसते, हे तुलनेनेच दाखवून दिले. चौरस लहान असला की सीमेवरील झाडे आत धरण्याची प्रवृत्ती अधिक परिणाम करते. या मुद्द्यावर दोन्ही शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद होते. ज्यांची तुलना करायची ते आकडे परस्परांच्या शेजारी ठेवावेत, एवढे या दोन्ही उदाहरणांतून तक्ता करणाऱ्याने घ्यावे. आद्यरेषीय प्रात्यक्षिकाचे उत्पादन एका पानावर आणि शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचे दुसऱ्या पानावर, ही मांडणी वाचणाऱ्याला फार कष्ट देते. दोन्ही रकाने लगत, त्यांच्यापुढे फरकाचा तिसरा रकाना आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडचा फरक ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ने रंगवलेला, एवढे केले तरी शंभर ओळींतील पाच संशयास्पद नोंदी क्षणात सापडतात.

हा रंग नियमाने लागलेला असतो, हे महत्त्वाचे. गारपिटीने बाधित प्लॉट हाताने लाल आणि रोगग्रस्त प्लॉट पिवळे रंगवले, तर साध्या सूत्राने त्यांची मोजणी होत नाही आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत तो अर्थही हरवतो. त्यासाठी ‘शेरा’ हा स्वतंत्र रकाना हवा. रिकामा सेल आणि शून्य यांतही गल्लत नको. पीक पूर्ण बुडाले तर शून्य लिहावे. कापणीच झाली नसेल तर सेल रिकामा ठेवून शेऱ्यात कारण द्यावे. सरासरीत शून्य धरले जाते, रिकामा सेल धरला जात नाही.

गावाचे नाव दहा ओळींसाठी एकदाच दिसावे म्हणून ‘मर्ज’ करणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत उपद्रवी प्रकार. जोडलेल्या सेलचे नाव फक्त पहिल्या ओळीत साठते. गावानुसार फिल्टर लावला की उरलेल्या नऊ ओळी दिसेनाशा होतात. नाव प्रत्येक ओळीत लिहावे. मुख्य शीर्षक मध्यभागी हवे असल्यास अलाइनमेंटमधील ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ हा पर्याय सेल न जोडता तेच काम करतो.

मोठ्या रकमांमध्ये स्वल्पविराम लाख-कोटींच्या भारतीय पद्धतीने यावेत, यासाठी विंडोजच्या ‘रिजन’ सेटिंगमध्ये अंकांचे गट बदलावे लागतात. स्वल्पविराम स्वतः टंकू नयेत. तारखेत महिना अक्षरी दाखवावा, म्हणजे ५/६ ही पेरणीची तारीख ५ जून की ६ मे, हा प्रश्न उरत नाही. शीर्षकाची ओळ ‘फ्रीझ पेन्स’ने स्थिर करावी आणि छपाईसाठी ‘प्रिंट टायटल्स’मध्ये तीच ओळ निवडावी. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पानावरही कोणता रकाना किलोचा आणि कोणता क्विंटलचा, हे वाचणाऱ्याला मागे न जाता कळते.