सुटकेनंतरचे पहिले खाते

चेन्नईत २००६ मध्ये जुन्या मध्यवर्ती कारागृहाची जागा पुळल येथील कारागृहाने घेतली. अशा ठिकाणाहून सुटणाऱ्या बंदिवानाजवळ श्रमाचे थोडे वेतन असते. व्यवहाराचा सराव मात्र तुटलेला असतो. तामिळनाडूत मुक्त बंदिवानांना साहाय्य करणारी स्वतंत्र संस्था आहे. बँकेनेही आपला वाटा उचलावा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पुरेशी कागदपत्रे नसणाऱ्यासही ‘लघु खाते’ उघडता येते. बंदिवानाची स्वाक्षरी वा अंगठा कारागृह अधिकाऱ्यासमक्ष घेतला जातो. पत्त्याचा दाखलाही तोच अधिकारी दरवर्षी देतो. खात्यात शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, वर्षाची जमा १ लाखापर्यंत व महिन्याची उचल १०,००० रुपयांपर्यंतच ठेवता येते.

सुटकेनंतर कारागृहाचा पत्ता उरत नाही. म्हणून ओळखपत्रासाठी त्वरित अर्ज करावा; पूर्ण केवायसी झाल्यावर वरील मर्यादा राहत नाहीत. हाती आलेल्या रकमेतून प्रथम भाडे व अन्न, मग कामाची साधने आणि शेवटी अडीअडचणीची तरतूद असा क्रम ठेवावा. अंगठा देण्यापूर्वी पावती वाचून घ्यावी. पिन क्रमांक कोणासही सांगू नये.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ योजना आणली व बंदिवानांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देऊ केले. परतफेडीचा आधार त्यांचे वेतनच.

असा ग्राहक खिडकीशी आला, तर त्याच्या भूतकाळाची चौकशी न करता त्याला पैसे भरण्याची चिठ्ठी शांतपणे भरून दाखवावी. दुसऱ्या वेळी ती त्याला स्वतः भरू द्यावी.