नकळत दिलेली माहिती



ओटीपी कोणाला सांगू नये, हे आता खेड्यातल्या आजीलाही ठाऊक झाले आहे. परंतु न विचारता आपण जे देऊन टाकतो, त्याकडे आपले लक्ष नसते.

दहावीचा निकाल आठवा. अमरावती विभागीय मंडळाच्या पाचही जिल्ह्यांतील मुले त्या दिवशी मोबाइल हाती घेऊन बसतात. संकेतस्थळावर निकाल पाहण्यास आसन क्रमांक आणि आईचे नाव पुरेसे असते. निकाल दिसताच त्या पानाचे छायाचित्र स्टेटसवर झळकते. खात्याचा विसरलेला पासवर्ड परत मिळवताना आईचे नाव विचारण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. ते नाव आपणच गावभर वाटलेले असते.

आपली माहिती केवळ आपल्याच हातून जाते, असेही नाही. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. स्वभाव सांगणारी एक प्रश्नावली असलेले ते ॲप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते. मात्र ॲप घेतलेल्यांच्या मित्रयादीमुळे, त्यांच्यासह एकूण ५,६२,४५५ भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता फेसबुकनेच मान्य केली. विजेरीचे ॲप आपल्या संपर्कयादीची परवानगी मागते, तेव्हा तो प्रश्न आपल्यापुरता नसतो.

आपल्या वसतिगृहातील मुलांना अधिक जवळचा प्रसंग शिष्यवृत्तीच्या अर्जाचा आहे. गतवर्षी एका विद्यार्थ्यासोबत मी अकोल्यातील एका दुकानात गेलो होतो. "कागद व्हॉट्सॲपवर टाका," एवढेच दुकानदार म्हणाला. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर आधी येऊन गेलेल्या मुलींची जातप्रमाणपत्रे नावानिशी दिसत होती. शेजारी आधार, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक. दुकानदार सज्जन असेलही. तथापि ज्या समाजाने जातीपायी एवढे सोसले, त्यातील मुलीने आपली जात कोणास सांगावी, हे ठरविण्याचा हक्क तिचाच होता. तो तिच्या नकळत त्या पडद्यावर सांडला होता.

खासगीपणा हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातून येणारा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरविली. दुकानाच्या काउंटरवर मात्र कायदा आपल्याबरोबर उभा राहत नाही.

म्हणून अर्ज शक्यतो शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांसमक्ष भरावा. दुकानात जावेच लागले, तर कागद पेनड्राइव्हमध्ये न्यावेत आणि उठण्यापूर्वी त्या संगणकावरील प्रती, रिसायकल बिनमधल्याही, स्वतः पुसाव्यात. जेथे पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही, तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. दुकानदाराला वाईट वाटेल, या संकोचाने त्या दिवशी मीही काही बोललो नव्हतो. अर्ज भरून झाल्यावर त्या विद्यार्थ्यानेच विचारले, "सर, माझेही कागद इथेच राहतील का?" मग आम्ही दोघे परत आत गेलो.